आयईएलटीएसचं रीडिंग: गावात बसून वाचन अन् शब्द कसे पक्के करायचे

मागच्या महिन्यात आमच्या ग्रामपंचायतीच्या अभ्यासिकेत एक पोरगी आली, बीएस्सी अ‍ॅग्री झालेली, मास्टर्सला बाहेर जायचंय, त्यासाठी लागणारी आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा द्यायचीय, आणि तिनं वही दाखवली तर त्यात अकराशे शब्द, डावीकडं इंग्रजी, उजवीकडं मराठी, सुबक अक्षरात. म्हणे, "दादा, मले हे सारे पाठ आहेत, पन पॅसेज वाचाले घेतला का तिसऱ्याच ओळीत गाडी फसते." मी वहीतलाच एक शब्द विचारला, यील्ड. "उत्पन्न," लगेच उत्तर. मग मी फळ्यावर वाक्य लिहिलं, द स्टडी यील्डेड सरप्रायझिंग रिझल्ट्स. ती थांबली. अभ्यासाचं उत्पन्न? बरं, शेतातलं पीक हाती लागतं तसं अभ्यासातून काहीतरी हाती लागलं एवढाच त्या वाक्याचा अर्थ, आणि यील्डचं वावरातलं चित्र तर तिच्या डोळ्यासमोर कोणत्याही शहरातल्या पोरापेक्षा स्वच्छ होतं, फक्त वहीनं ते चित्र पुसून त्याजागी एक मराठी शब्द ठेवून दिला होता.

मी पण हेच केलं होतं. शहरातल्या एका क्लासनं तीन हजार शब्दांची झेरॉक्स दिली, मी चार महिने ती घोकली, आणि पहिल्या वेळी रीडिंगला, म्हणजे परीक्षेतल्या वाचनाच्या भागाला, 9 पैकी 5.5 बँड आले, बँड म्हणजे या परीक्षेतले गुण. शेवटच्या पॅसेजचे नऊ प्रश्न कोरे राहिले, कारण मी पहिला पॅसेज शब्द न् शब्द, धडा पाठ करायचा असतो तसा वाचत बसलो. दुसऱ्या वेळी 7 आले, आणि मधल्या सहा महिन्यांत मी काय बदललं तेच इथं लिहितोय, आपल्याकडच्या मराठी मीडियमच्या, सेमीच्या पोरापोरींसाठी.

आधी पेपर कसा असतो ते बघा. शिकायला जायचं असेल तर अ‍ॅकॅडमिक घ्यायचा, जनरल ट्रेनिंग वेगळा असतो, त्याचा उपयोग जास्त करून नोकरी नाहीतर तिकडं स्थायिक व्हायला. अ‍ॅकॅडमिकच्या रीडिंगमध्ये 3 पॅसेज, 40 प्रश्न, 60 मिनिटं. तीनही पॅसेज मिळून साधारण 2,150 ते 2,750 शब्द होतात. उत्तरं उतरवायला वेगळा वेळ मिळत नाही, त्या साठ मिनिटांतच सगळं. चुकलेल्या उत्तराचे मार्क कापत नाहीत. साधारण 23 बरोबर आले तर 6 बँडच्या आसपास, 30 आले तर 7 च्या आसपास, पेपरच्या काठिण्यानुसार थोडं इकडं तिकडं होतं. म्हणजे 7 साठी सुद्धा दहा प्रश्न चुकायची मुभा आहे, हे लक्षात ठेवा, कारण आपली पोरं एका प्रश्नाला चिकटली की सात सात मिनिटं सोडत नाहीत.

आता हिशोब करा. मोठ्यात मोठा पेपर 2,750 शब्दांचा. तुम्ही मिनिटाला 100 शब्द वाचत असाल तर नुसतं एकदा वाचायलाच साडेसत्तावीस मिनिटं गेली. 150 चा वेग असेल तर अठरा मिनिटं, उरली बेचाळीस, आणि त्यात चाळीस प्रश्न आरामात बघता येतात. म्हणून सगळ्यात आधी स्वतःचा वेग मोजा, मोबाईलवर एक मिनिटाचं टायमर लावा, समजून वाचा, जिथं थांबलात तिथवर शब्द मोजा. माझा पहिल्यांदा 85 आला होता. वेग वाढवायला कोणती युक्ती नाही, रोज वाचणं हाच उपाय आहे, पण काय वाचायचं इथं बहुतेकांचं चुकतं, एकदम कठीण मासिकं काढतात, तीन दिवसांत कंटाळतात अन् सोडून देतात.

माझं म्हणणं, बालभारतीपासून सुरुवात करा. हो, बालभारती. आपली नववी-दहावीची विज्ञान, इतिहास, भूगोलाची पुस्तकं मराठी आणि इंग्रजी दोन्ही माध्यमांत ई-बालभारतीच्या साईटवर फुकट पीडीएफ मिळतात, आणि धडे तेच असतात. दहावीच्या विज्ञान भाग 2 चा पहिला धडा घ्या, आनुवंशिकता व उत्क्रांती. आधी मराठीतून एकदा वाचा, ते तुम्हाला शाळेपासून येतंच. मग तोच धडा इंग्रजीतून उघडा, डिक्शनरी बाजूला ठेवून. जीवाश्म म्हणजे फॉसिल, उत्परिवर्तन म्हणजे म्युटेशन, नैसर्गिक निवड म्हणजे नॅचरल सिलेक्शन, अवशेषांगं म्हणजे व्हेस्टिजियल ऑर्गन्स, हे शब्द कोणी न सांगता आपोआप जुळतात, कारण गोष्ट माहीत असते, फक्त नाव नवीन असतं. आणि आयईएलटीएसचे पॅसेज असेच असतात, प्राणी, हवामान, इतिहास, मेंदू, पाणी, शहरं, एखाद्या शोधाची कहाणी, सामान्य वाचकाला कळेल असं लिहिलेलं. मराठी मीडियमच्या पोराजवळ आठ-दहा वर्षांचं हे ज्ञान मराठीत साठवून ठेवलेलं आहे, ते फेकून देऊन शून्यापासून घोकंपट्टी कशाला करायची, हे मला कधीच पटलं नाही.

दीड-दोन महिने हे झालं की वर चढा. द हितवाद हा नागपूरचा इंग्रजी पेपर, 1911 पासून निघतो, आणि त्यातल्या बातम्या आपल्याच जिल्ह्यांच्या असतात. कापसाचे भाव, वाघ, धरणातलं पाणी, हे आपल्याला आधीच माहीत असतं त्यामुळं इंग्रजी अंगावर येत नाही. आमच्या गावात तो येत नव्हता, तालुक्याला स्टँडजवळच्या दुकानात मिळायचा, मी बाजाराच्या दिवशी आठवड्याचे जुने अंक कमी पैशात घेऊन यायचो. बातमीपेक्षा अग्रलेख अन् मोठे लेख वाचा, कारण पॅसेजमध्ये माहितीसोबत मत असतं, आणि मत ओळखणं वेगळी गोष्ट आहे. शेवटच्या दोन महिन्यांत मात्र परीक्षेचे अधिकृत नमुना पेपर, हे फुकट पण मिळतात, तेच सोडवायचे. कुठल्याही अ‍ॅपवरचे कोणीही बनवलेले टेस्ट सोडवून मार्क मोजू नका, त्यातले प्रश्न बऱ्याचदा नीट बांधलेले नसतात अन् उगाच खच्चीकरण होतं.

आता शब्द. मला यावर जरा सविस्तर लिहायचंय.

इंग्रजीत शब्द एकटा नसतो, खानदानासकट येतो, आपल्यासारखाच. आपण पीक म्हणतो, मग पिकणं, पिकवणं, सुपीक, नापीक, नापिकी. एक मूळ कळलं की बाकीचे कोणी शिकवत नाही. तसंच फर्टाईल म्हणजे सुपीक, त्याचं फर्टिलिटी, फर्टिलाईझ, इन्फर्टाईल, आणि फर्टिलायझर तर कृषी केंद्राच्या पाटीवर लहानपणापासून बघतोय. म्हणजे पाचातला एक शब्द घरचाच होता. आता त्याच दुकानात आत बघा, इन्सेक्टिसाईड, फंजिसाईड, हर्बिसाईड. शेवटी येणारं साईड म्हणजे मारणारं नाहीतर मारणं. किडा मारणारं, बुरशी मारणारं, तण मारणारं. मग पॅसेजमध्ये होमिसाईड नाहीतर जेनोसाईड आलं तर पहिल्यांदा दिसूनसुद्धा दिशा कळते.

औषधाच्या डब्यात जी घडी घातलेली माहितीपत्रिका असते ती फेकू नका. तीच माहिती इंग्रजीत, हिंदीत, मराठीत छापलेली असते, पाणी किती, प्रमाण किती, विषबाधा झाली तर काय करायचं. मी डायल्यूट, डोस, अँटिडोट, सिम्प्टम, एक्स्पोजर हे शब्द तिथून शिकलो, एका बाजूला इंग्रजी अन् एका बाजूला मराठी धरून. आणि खरं सांगायचं तर परीक्षा राहू द्या बाजूला, 2017 मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि मजूर गेले, त्यामुळं शिकलेल्या पोरानं तो कागद घरात मोठ्यानं वाचून दाखवायलाच पाहिजे, फवारणीच्या आधी, दरवेळी.

यादी पाहिजेच असेल तर एकच घ्या, अ‍ॅकॅडमिक वर्ड लिस्ट. न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड या बाईंनी 2000 साली ती काढली, त्यात 570 शब्दकुटुंबं आहेत, 10 भागांत, पहिल्या नऊ भागांत साठ साठ, शेवटच्यात तीस. अभ्यासाच्या लिखाणात साधारण दर दहा शब्दांत एक शब्द यातला असतो. सगळ्यात जास्त येणारे पहिल्या भागात, म्हणून पहिल्यापासूनच सुरू करा. फक्त एक, ही यादी रोजच्या वापरातले दोनेक हजार शब्द येतात असं धरून बनवलेली आहे, ते कच्चे असतील तर आधी बालभारती.

आणि शब्द वहीत लिहू नका, कार्डावर लिहा. घरात जुन्या लग्नपत्रिका पडलेल्या असतात, मागची बाजू कोरी असते, एकीचे चार तुकडे करा. पुढं शब्द, मागं ज्या वाक्यात तो सापडला ते पूर्ण वाक्य, देवनागरीत उच्चार, कुटुंबातले दोन-तीन शब्द, अन् मराठी अर्थ सगळ्यात खाली बारीक. मग चपलेचा रिकामा खोका घ्या, पुठ्ठ्यानं पाच कप्पे पाडा. नवीन कार्ड पहिल्या कप्प्यात, तो रोज बघायचा. आलं की दुसऱ्यात, तो दर तिसऱ्या दिवशी. पुन्हा आलं की तिसऱ्यात, तो बाजाराच्या दिवशी, आठवड्यातून एकदा. चौथा पंधरा दिवसांनी, पाचवा महिन्यानं. कुठल्याही कप्प्यातलं कार्ड चुकलं की सरळ पहिल्यात परत, दयामाया नाही. ही पद्धत सेबास्टियन लाईटनर नावाच्या जर्मन माणसानं 1972 च्या पुस्तकात मांडली होती, आणि याला ना नेट लागतं ना लाईट. दिवसाला आठ-दहाच कार्डं वाढवा. मी पहिल्या आठवड्यात जोशात चाळीस चाळीस घातली होती, पंधराव्या दिवशी पहिला कप्पा एवढा भरला की बघायचीच भीती वाटायला लागली.

एक वेगळा त्रास आपल्याला होतो तो म्हणजे ओळखीचे शब्द. अनोळखी शब्दाला माणूस सावध असतो, ओळखीचा मात्र गाफील ठेवून फसवतो. आपल्याकडं कंट्रोल म्हणजे रेशनचं दुकान, कंट्रोलचे तांदूळ. पॅसेजमध्ये कंट्रोल ग्रुप येतो, म्हणजे ज्या लोकांवर प्रयोग केलाच नाही, तुलनेसाठी तसेच ठेवले ते. सब्जेक्ट म्हणजे आपल्याला गणित-विज्ञान वाटतं, तिथं ज्याच्यावर प्रयोग झाला तो माणूस. पेपर म्हणजे संशोधनाचा लेख. स्पेल म्हणजे स्पेलिंगच नाही, ड्राय स्पेल म्हणजे पावसाचा खंड. कल्चर म्हणजे संस्कृती एवढंच पाठ केलं तर बॅक्टेरियल कल्चर आलं की अडकाल, पण सोयाबीन पेरायच्या आधी बियाण्याला रायझोबियमचं कल्चर लावतो ते आठवा, हा तोच अर्थ. असे शब्द भेटले की कार्डावर लाल पेननं लिहा.

अनोळखी शब्द आला तर लगेच डिक्शनरी नाही. आधी ओळ पुरी वाचा, तो वस्तू आहे का क्रिया ते बघा, चांगला आहे का वाईट ते बघा. एवढ्यावर बहुतेक वेळा काम भागतं. त्यापेक्षा लहान लहान शब्दांवर जास्त जीव लावा, कारण उत्तर तिथं फिरतं. हाऊएव्हर आलं म्हणजे आता लेखक पलटणार. ऑल्दो म्हणजे जरी, डिस्पाईट म्हणजे असूनसुद्धा, व्हेअरॅझ म्हणजे एकीकडं हे तर दुसरीकडं ते. अ फ्यू म्हणजे थोडेफार आहेत, नुसतं फ्यू म्हणजे जवळजवळ नाहीतच. हार्डलीचा कष्टाशी काही संबंध नाही, हार्डली म्हणजे नसल्यासारखंच. दहा कठीण शब्द नाही आले तरी चालेल, पण हे पक्के पाहिजेत.

प्रश्नात पॅसेजमधले शब्द जसेच्या तसे क्वचितच येतात, अर्थ तोच, कपडे वेगळे. याला घाबरायचं काहून? पावसानं दडी मारली, पावसानं ओढ दिली, पावसाचा खंड पडला, गावात तीन माणसं तीन तऱ्हेनं सांगतात अन् आपल्याला क्षणात कळतं. तसंच पॅसेजमध्ये ड्राउट लिहिलेलं असेल तर प्रश्नात लॅक ऑफ रेनफॉल येईल. सराव असा करा, पेपर सोडवून झाला की उत्तर तपासून वही बंद करू नका, प्रत्येक प्रश्नातला शब्द आणि पॅसेजमधला त्याचा जोडीदार समोरासमोर लिहा. एका पेपरवर तास गेला असेल तर या कामावर दोन तास घाला. माझा बँड वाढला तो यानं वाढला, पेपरची संख्या वाढवून नाही.

ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन यात तर भले भले चुकतात. मी मराठीतूनच समजावतो. समजा लिहिलंय: गावात तीन विहिरी आहेत, त्यातल्या दोन उन्हाळ्यात आटतात. पहिलं विधान, गावातल्या बहुतेक विहिरी उन्हाळ्यात आटतात. ट्रू, तीनपैकी दोन म्हणजे बहुतेक. दुसरं, सगळ्या विहिरींना वर्षभर पाणी असतं. फॉल्स, मजकूर याच्या उलट सांगतो. तिसरं, न आटणारी विहीर सगळ्यात खोल आहे. इथं आपलं मन म्हणतं खोल असल्याशिवाय पाणी टिकणार कसं, अन् आपण ट्रू मारून येतो. पण खोलीबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही, झरा चांगला असेल, नाल्याच्या काठावर असेल, काहीही असेल. नॉट गिव्हन. शेतीचे, पाण्याचे पॅसेज आले की आपल्याला हा धोका जास्त, कारण आपल्याला पॅसेजपेक्षा जास्त माहीत असतं. बोट ठेवून ओळ दाखवता येते का एवढंच विचारा. आणि ऑल, ओन्ली, ऑलवेज, मोस्ट, सम या शब्दांभोवती गोल करायची सवय लावा.

रिकाम्या जागांच्या प्रश्नात सूचना वाचा, दोनपेक्षा जास्त शब्द नको म्हटलं अन् तुम्ही तीन लिहिले तर उत्तर बरोबर असूनही गेलं. शब्द पॅसेजमधलाच जसाच्या तसा उचलायचा. स्पेलिंग चुकलं तरी मार्क गेला, गव्हर्नमेंट आणि एन्व्हायर्नमेंटमधला एन आपल्या बोलण्यात गायब असतो म्हणून लिहिण्यातही सुटतो, असे पंचवीस-तीस शब्द भिंतीवर लावा. हेडिंग जुळवायचे प्रश्न मला अवघड जातात, त्यात मी प्रत्येक पॅराची पहिली दोन आणि शेवटची ओळ वाचतो, अन् तो पॅरा मराठीत एका वाक्यात स्वतःला सांगतो, मग हेडिंगकडं बघतो. आधी हेडिंग वाचलं की सगळीच बरोबर वाटतात.

वेळ सरसकट वीस-वीस मिनिटं वाटू नका, तिसरा पॅसेज बहुतेक वेळा जड असतो, म्हणून 17, 20, 23. दीड मिनिटात उत्तर नाही सापडलं तर काहीतरी मारून पुढं.

कॉम्प्युटरवर परीक्षा देणार असाल तर मोबाईलवरचा सराव पुरत नाही. तिथं डावीकडं पॅसेज, उजवीकडं प्रश्न, दोन्ही वेगवेगळे स्क्रोल करावे लागतात, अन् ज्याचा हात माऊसवर बसलेला नाही त्याची पाच-सात मिनिटं त्यातच जातात. तालुक्याच्या एमएस-सीआयटी सेंटरवाल्याला विचारा, दुपारी बॅच नसते तेव्हा तासाचे थोडे पैसे घेऊन बसू देतात. किमान पाच पूर्ण पेपर अशा स्क्रीनवर, न उठता, एका बैठकीत. अभ्यासिकेत फॅन बंद पडला, बाहेर ट्रॅक्टर आला, तरी टायमर थांबवायचा नाही.

फॉर्म भरायच्या आधी युनिव्हर्सिटीला किती बँड लागतात ते तिच्या साईटवर बघा, एकूण किती अन् प्रत्येक भागात कमीत कमी किती, दोन्ही. निकाल 2 वर्षं चालतो, म्हणजे खूप आधी देऊन ठेवण्यातही अर्थ नाही. फक्त रीडिंगच अडलं तर कॉम्प्युटरवाल्या परीक्षेत एकच भाग पुन्हा देता येतो, मूळ परीक्षेच्या तारखेपासून ठराविक मुदतीत, पण तुमची युनिव्हर्सिटी ते मानते का हे आधी ईमेल करून विचारा. फी हजारांत आहे, घरच्यांनी तुरीचे नाहीतर कापसाचे पैसे त्यात घातलेले असतात, म्हणून नमुना पेपरात तीनदा सलग 28-30 बरोबर आल्याशिवाय तारीख घेऊ नका.

ओळखपत्र म्हणून पासपोर्टच लागतो, ओरिजिनल, आणि फॉर्मवरचं नाव त्याच्याशी अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. आपल्याकडं दाखल्यावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं अन् पासपोर्टवर तिसरं असतं, ते दुरुस्त करायला महिने जातात, तेव्हा अभ्यासाच्या आधी हे बघा. नागपूरचं सेंटर असेल तर आदल्या दिवशीच पोचा, पहाटेच्या एसटीच्या भरवशावर राहू नका. आणि रात्री नवीन काही वाचू नका, खोक्यातला पहिला कप्पा सोबत न्या, तेवढीच कार्डं चाळा अन् झोपा.